अमेरिकेतील मोठ्या शहरांचे अध्यक्षीय मतदान

अमेरिकेतील बहुतेक मोठी शहरे अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला कौल देतात. अध्यक्ष मात्र देशभरच्या एकूण मतांवर ठरत नाही. राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ निर्वाचकांपैकी (अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी) २७० मिळवावे लागतात. मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात जो पुढे, त्यालाच सगळे निर्वाचक मिळतात. म्हणून शहराने राज्याच्या बेरजेत किती मताधिक्य घातले, हे टक्केवारीपेक्षा महत्त्वाचे ठरते. शिकागोचे मताधिक्य अवाढव्य असले तरी इलिनॉय राज्य सहसा चुरशीचे नसते, त्यामुळे त्याने देशाचा निकाल फिरत नाही. फिलाडेल्फिया, डेट्रॉइट, मिलवॉकी, अटलांटा ही शहरे चुरशीच्या राज्यांत असल्याने तेथील मतदानात थोडी घट झाली तरी देशाचा निकाल फिरू शकतो.

फिलाडेल्फियाचे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांना या शहरात सुमारे ४ लाख ७५ हजारांचे मताधिक्य होते, तरी पेनसिल्व्हेनिया हे त्या शहराचे राज्य त्यांनी सुमारे ४४ हजारांनी गमावले. २०२० मध्ये जो बायडेन यांचे शहरातील मताधिक्य किंचित घटून ४ लाख ७१ हजारांच्या आसपास आले आणि राज्य मात्र त्यांनी ८०,५५५ मतांनी जिंकले. फरक पडला तो मुख्यतः माँटगोमेरी, चेस्टर, डेलावेअर या उपनगरी काउंट्यांमुळे (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग). ‘शहरांनी निवडणूक फिरवली’ हे विधान त्यामुळे अनेकदा अपुरे असते.

शहरांचा हा डेमोक्रॅटिक कल फार जुना नाही. खुद्द फिलाडेल्फियाने १९३२ च्या महामंदीतही रिपब्लिकन हूवर यांना कौल दिला होता. १९३६ मध्ये ते डेमोक्रॅटिक रूझवेल्ट यांच्याकडे वळले. कामगार संघटना, स्थलांतरित वस्त्या, दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय मतदार आणि पुढे गोऱ्या कुटुंबांचे उपनगरांकडे झालेले स्थलांतर यांतून आजचे चित्र घडले.

निकालाच्या रात्री सर्वाधिक गैरसमज होतो तो मोजणीच्या क्रमामुळे. पेनसिल्व्हेनियात टपाली मतांची पाकिटे मतदानाच्या दिवशी सकाळी ७ पूर्वी उघडता येत नाहीत. मतपत्रिका आधी आतल्या गोपनीयता पाकिटात आणि मग सहीच्या बाहेरच्या पाकिटात घालायची असते. आतले पाकीट विसरले तर मत बाद होते. पाकीट रात्री ८ पर्यंत कार्यालयात पोहोचावे लागते. उघडणे, सपाट करणे, यंत्रातून काढणे या कामाला वेळ लागतो. २०२० मध्ये टपाली मतदारांत डेमोक्रॅट फार होते, म्हणून आधी रिपब्लिकन उमेदवाराची आघाडी दिसली आणि दिवसागणिक ती वितळत गेली. मिलवॉकीत टपाली मते एकाच केंद्रात मोजून रात्री उशिरा एकदम जाहीर होतात, त्यामुळे आलेखात अचानक उडी दिसते. ती घोटाळ्याची खूण मानणे चूक आहे. मिलवॉकी ज्या राज्यात आहे त्या विस्कॉन्सिनमध्येही ही पाकिटे मतदानाच्या दिवसाआधी उघडण्यास मनाई आहे.

तुलना करताना हद्दी तपासाव्यात, कारण निकाल सहसा काउंटीनुसार मिळतात. फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्को येथे शहर व काउंटी एकच आहे. डेट्रॉइट मात्र वेन काउंटीचा केवळ एक भाग. न्यूयॉर्क शहरात पाच काउंट्या येतात. त्यांतील स्टेटन आयलंडने २०१६, २०२० आणि २०२४ मध्ये रिपब्लिकन ट्रम्प यांना कौल दिला. त्यांतीलच ब्राँक्समध्ये ट्रम्प यांना २०१६ मध्ये दहा टक्क्यांहूनही कमी मते होती, २०२४ मध्ये ती २७ टक्क्यांच्या आसपास गेली. मायामी-डेड काउंटी २०२४ मध्ये रिपब्लिकनांकडे गेली, १९८८ नंतर प्रथमच. फीनिक्सची मॅरिकोपा काउंटी २०२० मध्ये बायडेन यांनी जिंकली, तर २०२४ मध्ये ती पुन्हा ट्रम्प यांच्याकडे आली. राजधानी वॉशिंग्टन कोणत्याही राज्यात नाही. १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने तिला निर्वाचक मिळाले, सध्या ते तीन आहेत, आणि १९६४ पासून प्रत्येक वेळी तिने डेमोक्रॅटिक उमेदवारच निवडला आहे.