नाथसागरावरचं वारं आणि पाण्यातलं पहिलं मिनिट

डिसेंबरातली सकाळ, सात वाजायच्या आत आम्ही तिघं नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, उत्तरेकडच्या काठावर उभे, पाखरं बघायला आलेलो, अंगात जर्किन, कानाला मफलर, आणि समोर पाणी एकदम गप, काचेसारखं. पण ज्या मामांच्या नावेतून जायचं ठरलं होतं ते काही नाव सोडायला तयार नाहीत. "सर, आज नका जाऊ, रातभर वारं होतं, मधी पाणी उठलंय." आम्हाला तर कुठंच पाणी उठलेलं दिसेना. एका मित्राला वाटलं मामा पैसे वाढवून मागतायत. मग मी दुर्बीण लावली तेव्हा लांब, दोनेक किलोमीटरवर, पांढऱ्या बारीक रेघा दिसल्या, दिसायच्या अन् जायच्या. त्या रेघा म्हणजे फुटणाऱ्या लाटा.

यात गंमत अशी आहे की वारं आमच्या पाठीमागून येत होतं. वारं ज्या काठावरून पाण्यात शिरतं त्या काठाला लाट नसतेच, कारण लाट तयार व्हायला वाऱ्याला उघड्या पाण्यावरून पळायला अंतर लागतं, त्याला फेच म्हणतात. काठाशी फेच शून्य, त्यात मागं बाभळी, ऊस, बांध, म्हणजे वारंसुद्धा अडलेलं. जसजसं आत जावं तसतशी लाट वाढत जाते. म्हणजे ज्या काठावर उभं राहून आपण "जाऊ की, काय होतंय" असं ठरवतो तोच काठ सगळ्यात जास्त फसवतो. परत येताना तर अजून वाईट, कारण तेव्हा तेच वारं तोंडावर असतं आणि वल्ही मारणारा दमलेला असतो.

आणि नाथसागराला फेचची कमी नाही. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हातून जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, आणि गोदावरीवर जे पाणी उभं राहिलं ते लांबीला ५५ किलोमीटर आणि रुंदीला काही ठिकाणी २७ किलोमीटर. भरल्यावर साधारण ३५ हजार हेक्टर. पण खोली? एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, त्याला क्षेत्रफळानं भागलं की सरासरी खोली येते सव्वाआठ मीटर. एवढा मोठा पसारा आणि खोली जेमतेम अडीच-तीन मजल्यांची, म्हणजे परात आहे ती, हंडा नाही.

परातीतल्या पाण्यात लाटा समुद्रासारख्या लांबलचक झोके देत येत नाहीत. समजा ताशी ३६ किलोमीटरचं वारं (लई नाही, वळवाच्या वाऱ्यात याहून जास्त सहज असतं) २० किलोमीटर उघड्या पाण्यावरून दोन-तीन तास वाहिलं, तर इंजिनिअर लोक वापरतात त्या सूत्रानं लाट निघते पाऊण मीटरच्या आसपास, आणि मधूनच एखादी तिच्या दीडपट. दोन लाटांमध्ये तीन-साडेतीन सेकंद. पाऊण मीटर ऐकायला काही वाटत नाही. पण आपल्याकडचे चप्पू (छोट्या होड्या) किंवा थर्माकोलचे तराफे बघितलेत का, पाण्याच्या वर त्यांचा काठ वीतभर, दीड वीत. त्यावर दर तीन सेकंदाला कंबरेएवढी लाट, एकीतून सावरेपर्यंत दुसरी हजर. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की ढकलणं चौपट.

नावेत पाणी आलं की खरा खेळ सुरू होतो. घरी परातीत चार तांबे पाणी घेऊन ती उचलून चालून बघा. जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला पळतं आणि कलणं अजून वाढतं. तेवढंच पाणी हंड्यात असलं तर काही होत नाही. नावेच्या तळात घोट्याएवढं पाणी साचलं की ती अशीच वागायला लागते, दिसायला ठीक पण आतून बिथरलेली, वजनानं खाली बसलेली, त्यामुळं पुढची लाट अजून सोप्यानं आत. म्हणून उपसायचा डबा दोरीनं बांधलेला पाहिजे, नाहीतर ऐन वेळी तोच आधी वाहून जातो. आणि अशा वेळी माणसं करतात काय, तर घाबरून उभी राहतात, सगळे एका बाजूला सरकतात. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य खाली असतो, उभं राहिलं की तो एकदम वर जातो, आणि नाव उलटायला निमित्तच पाहिजे असतं. लाट आडवी घेऊ नये, नाकाडावर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, जरा तिरपी घ्यावी, खाली बसावं, जमलं तर तळातच बसावं. मामांच्या भाषेत "बूड टेकवा".

आता थंडीचं. मराठवाड्यात थंडी म्हटलं की लोक हसतात, उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश सोसणारी माणसं आपण. पण परभणीचा पारा हिवाळ्यात कधी कधी पाच अंशांच्या खाली उतरतो हे पेपरात दरवर्षी वाचतो. धरणाचं पाणी एवढं गार होत नाही, पाण्याला तापायलाही वेळ लागतो अन् निवायलाही, डिसेंबर-जानेवारीत ते विशीच्या आसपास राहतं. वीस अंश म्हणजे हवेत सुखद. पाण्यात नाही. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा जवळजवळ पंचवीस पट वेगानं ओढतं. उघड्या अंगाला ना गार ना गरम वाटावं यासाठी पाणी पस्तिशीच्या जवळ लागतं, बादलीत आपण विसण घालून जेवढं कोमट करतो ना, तेवढं.

थंडीच्या दिवसात कुणी मागून पाठीवर गार पाण्याचा तांब्या ओतला की तोंडातून काय निघतं? "हाऽऽ" करून छाती भरून श्वास आत, आपण ठरवून घेत नाही, तो घेतला जातो. मग पुढचं अर्धं-एक मिनिट धाप. याला कोल्ड शॉक म्हणतात. इंग्लंडातल्या पोर्ट्समथ विद्यापीठातले माइक टिप्टन यांनी यावर आयुष्य घातलंय. पाणी पंचवीस अंशांच्या खाली गेलं की श्वासावर परिणाम व्हायला लागतो आणि दहा ते पंधरा अंशांत तो अगदी कळसाला जातो. म्हणजे आपलं हिवाळ्यातलं धरण कळसाला नाही, पण सुरक्षितही नाही. तो पहिला "हाऽऽ" दोन-तीन लिटरचा असतो. तोंड पाण्याच्या वर असलं तर हवा जाते, खाली असलं तर काय जातं ते सांगायला नको. त्यातच गार त्वचा हृदयाला म्हणते जोरात पळ आणि पाण्यात बुडालेला चेहरा म्हणतो हळू चाल. या ओढाताणीत काहींच्या हृदयाचे ठोकेच बिघडतात, अगदी चांगल्या पोहणाऱ्याचेही.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात गॉर्डन गिझब्रेख्ट नावाचे प्राध्यापक आहेत, त्यांनी स्वतः बर्फाळ पाण्यात उतरून प्रयोग केलेत. त्यांचं सूत्र सोपं आहे, एक-दहा-एक. एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. हे आकडे बर्फासारख्या पाण्याचे आहेत, आपल्याकडं दहाचे बरेच जास्त होतील आणि एका तासाचे कित्येक तास. पण पहिलं मिनिट आपल्याकडंही आहेच, आणि माणूस त्या पहिल्या मिनिटातच जाऊ शकतो, गारठून मरायची पाळी यायच्या आधीच.

म्हणून "मला पोहता येतं" याला मी फार किंमत देत नाही. आपण पोहायला शिकलो विहिरीत, एप्रिल-मे महिन्यात, चड्डीवर, कडेला काका-मामा बसलेले. इथं अंगात स्वेटर, जीन्स, बूट, लाटेचं पाणी तोंडावर, धाप लागलेली, आणि काठ लांब. धाप लागलेल्या माणसाला हात आणि श्वास यांचा ताल जुळवता येत नाही, तो पोहत नाही, झटापट करतो. ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय लोकांना एकच गोष्ट घोकायला लावते, पाण्यात पडलात की पोहू नका, आधी तरंगा. डोकं मागं टाकायचं, कान पाण्यात बुडू द्यायचे, छाती वर, हात बाजूला हलके हलवायचे, मिनिट-दीड मिनिट एवढंच. श्वास जागेवर आला की मग काय करायचं ते ठरवायचं. आणि बहुतेक वेळा ठरवायचं ते हेच की उलटलेली नाव सोडायची नाही. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो आणि माणसाच्या डोक्यापेक्षा उलटी नाव लांबून दिसते. थर्माकोलचा तराफा मात्र हातून सुटला की गेला, रिकामा तराफा वारं आपल्या पोहण्यापेक्षा वेगानं नेतं, त्याच्या मागं लागून दमण्यात अर्थ नाही.

जॅकेट नेमकं करतं काय? माणसाचं शरीर पाण्याइतकंच जड असतं जवळपास, त्यामुळं तोंड वर ठेवायला वरून फक्त चार-पाच किलोचा आधार पुरतो. चांगल्या जॅकेटवर ५० किंवा १०० न्यूटन असं लिहिलेलं असतं, म्हणजे अंदाजे पाच किंवा दहा किलोची उचल. पन्नासवालं शुद्धीतल्या, पोहता येणाऱ्या माणसासाठी, शंभरवालं बेशुद्ध माणसालाही बहुधा उताणं करतं. आपल्या जुन्या लोकांना हे न्यूटनशिवाय माहीत होतं की, सुके भोपळे बांधून सांगड करायचे आणि नदी ओलांडायचे, पोरं पोहायला शिकायची तीही पाठीला भोपळा बांधूनच. पण जॅकेट अंगात आणि बंद पट्ट्यांसह पाहिजे, उलटलेल्या नावेत ते शोधून, पाण्यात घालून, बक्कल लावणं जमत नाही, करून बघा एकदा. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा मामांनी आम्हा तिघांना जॅकेट दिली, चौथ्यावर स्वतः बसले. फळी ओली होती म्हणे.

उन्हाळ्यात गारठा नसतो पण वारं जास्त वाईट. वळवाचा ढग फुटायच्या आधी त्याच्यातली गार हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चौफेर पसरते, पावसाच्या कितीतरी किलोमीटर पुढं. ऊन असतं, आणि दहा मिनिटांत धुळीची भिंत. २१ मे २०२४ ला भीमा नदीवरच्या उजनी धरणात कुगाव ते कळाशी जाणारी बोट संध्याकाळी अशाच वाऱ्यात उलटली, सात जण होते, एक पोहून बाहेर आला, सहा गेले.

मदतीचं बोलायचं तर ११२ ला फोन करायचाच, पण पथकं येतात कुठून ते नकाशावर बघा, एनडीआरएफची तुकडी पुण्याजवळ, एसडीआरएफ धुळे आणि नागपुरात. तोवर जे कोण पोहोचतं ते भोई समाजाचं कुणीतरी, जवळ जाळं टाकत असलेलं. आणि वाचवणाराही जातो, माजलगाव धरणात सप्टेंबर २०२२ मध्ये बुडालेल्याला शोधायला उतरलेला बचाव पथकाचा जवानच गेला, तयारीतला माणूस. त्यामुळं उडी सगळ्यात शेवटी. आधी काठी, वल्हं, पागोटं, साडी, जे पुढं करता येईल ते, मग दोरी फेकायची, मग नाव. नाव नेताना वाऱ्याच्या तोंडाला नाकाड ठेवून खालच्या अंगानं जवळ जायचं, नाहीतर वारं नाव त्याच्याच अंगावर ढकलतं. इंजिन असेल तर बंद. आणि चप्पूच्या बाजूनं ओढायचं नाही, मागच्या टोकावरून घ्यायचं, बाजूनं ओढलं की सगळेच पाण्यात.

बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो, खऱ्यात ओरडत नाही, श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, हात पाण्यावर दाबत राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं खेळतोय.

बाहेर काढल्यावर जे केलं जातं ते बघून मला खरंच राग येतो. खांद्यावर उलटं टाकून पळवणं, पोट दाबून पाणी काढणं, हल्ली व्हॉट्सॲपवर मिठात पुरायचंही फिरतं. पोटातलं पाणी त्याला मारत नाही, फुप्फुसात हवा न जाणं मारतं. पोट दाबलं की तेच पाणी उलटून श्वासनळीत. श्वास नसेल तर नाक दाबून तोंडानं आधी पाच श्वास द्यायचे, मग तीस वेळा छाती दाबायची, दोन श्वास, असं चालू, आणि १०८. शुद्धीत असेल तर आडवा ठेवायचा, चालवायचा नाही, ओले कपडे काढून घोंगडी, आणि दारूचा घोट अजिबात नको, दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, बाहेरून ऊब वाटते आणि आतली ऊब जाते. बराच वेळ पाण्यात गारठलेले लोक बाहेर आल्यावर एकदम कोसळतात ते याच टप्प्यावर, पाण्याचा अंगावरचा दाब गेला, रक्तदाब पडला, त्यात कुणी उभं केलं.

जानेवारीत परत गेलो तेव्हा मी मामांना पाच लिटरचा झाकणवाला कॅन आणि पंधरा मीटर दोरी बांधून दिली, पाच लिटरचा रिकामा कॅन म्हणजे जवळपास पाच किलोची उचल, आणि गावात फुकट मिळतो. पुढच्या खेपेला बघितलं तर कॅनमध्ये पाणी. मला वाटलं प्यायला ठेवलंय. मामा म्हणाले, "रिकामा फेकला की वारं परत आपल्याकडंच आणतं सर, म्हणून तांब्याभर ठेवलंय, बराबर जातो आता."