बोटं आधी सुटतात, मान नंतर पडते

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाला योगवर्ग भरतो. शेवटची दहा मिनिटं सगळे डोळे मिटून ज्ञानमुद्रेत बसतात. अंगठ्याचं टोक तर्जनीच्या टोकाला, बाकी तीन बोटं सैल, तळवा वर, हात गुडघ्यावर. शिकवणाऱ्या ताई तेवढ्या वेळात अनवाणी पावलांनी रांगांमधून फिरतात आणि त्यांचं लक्ष चेहऱ्यांकडे नसतं, हातांकडे असतं. एकदा मी कारण विचारलं. म्हणाल्या, "डुलकी लागताना आधी बोटं सुटतात, मान नंतर पडते."

मुद्रांबद्दल आजवर जे ऐकलं-वाचलं, त्यात हे वाक्य मला सगळ्यांत शास्त्रीय वाटतं.

बोटांमध्ये स्वतःचे स्नायू जवळजवळ नसतातच. ती वाकवणारे स्नायू तळव्यात आणि कोपराखालच्या हातात असतात. एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि बोटं हलवा, आतली हालचाल लगेच जाणवेल. दोन टोकं हलकेच टेकलेली ठेवायला या स्नायूंना अगदी थोडं, पण सतत काम करावं लागतं. झोप येऊ लागली की अंगातला ताण उतरतो आणि तो नाजूक स्पर्श टिकत नाही.

पण मग बोटांची टोकंच का? कोपराला कोपर लावून का बसत नाहीत? कॅनडातले मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी एडविन बोल्ड्री यांनी १९३७ मध्ये मेंदूवरचा शरीराचा नकाशा प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णाच्या मेंदूला सौम्य वीज द्यायची आणि त्याला कुठे काय जाणवलं ते विचारायचं, अशी त्यांची पद्धत होती. त्या नकाशात अख्ख्या पाठीला इवलीशी जागा मिळते, हात आणि ओठ मात्र ऐसपैस पसरलेले असतात. घरी करून बघण्यासारखी गोष्ट आहे. कर्कटकाची दोन टोकं बोटाच्या अग्रावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावर टेकवली तरी ती दोन आहेत हे कळतं. पाठीवर तीच टोकं तीन सेंटिमीटर लांब ठेवली तरी बऱ्याचदा एकच टोचल्यासारखं वाटतं. शिवाय बोट बोटाला टेकतं तेव्हा खबर दोन्हीकडून जाते. मन टेकवायला जागा शोधायची, तर शरीरात याहून चांगली जागा क्वचितच सापडेल.

हातांच्या मुद्रा हठयोगाच्या मुख्य ग्रंथांत शोधायला गेलं की मात्र आश्चर्य वाटतं. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत दहा मुद्रा आहेत: महामुद्रा, खेचरी, उड्डियान, जालंधर वगैरे. त्यांत बोटांची एकही नाही! मुद्रा म्हणजे शिक्का, मोहोर. शिवरायांची राजमुद्रा असते तशी. त्या दहांपैकी बऱ्याच मुद्रा गळा, पोट, गुदद्वार आवळून प्राण आत मोहोरबंद करण्यासाठी आहेत. बोटांच्या मुद्रा आपल्याकडे आल्या त्या पूजाविधी, तंत्र, मूर्ती आणि नृत्य यांतून. नाट्यशास्त्राने एका हाताचे चोवीस आणि दोन हातांचे तेरा हस्त, म्हणजे हातांच्या ठेवणी, सांगितल्यात. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मात्र बंधांच्या, म्हणजे अशा आवळण्यांच्या, वर्णनातच हात येतात. करसंपुट, म्हणजे हातांची ओंजळ, 'आपैसें', म्हणजे आपोआप, डाव्या पायावर येऊन बसतो. 'आपैसें' हा शब्द मला फार आवडतो. हात मुद्दाम ठेवलेला नाही, तो विसावलाय.

पोट आत ओढून धरायच्या उड्डियानाची तपासणी तर आपल्या जिल्ह्यातच झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि उड्डियान आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळायची क्रिया) करताना पोटातला दाब किती उतरतो ते उपकरण लावून मोजलं. दावा असा असावा, मोजता येईल असा.

अंगठा अग्नी, तर्जनी वायू, मधलं आकाश, अनामिका पृथ्वी, करंगळी जल, ही मांडणी सुंदर आहे आणि ध्यानाला ती आधार देते. पण तिच्यावरून 'ही मुद्रा सांधेदुखीला, ती कानाला' असं औषधाच्या चिठ्ठीसारखं लिहून द्यायला पुरावा नाही. अपानवायू मुद्रेला 'मृतसंजीवनी' म्हणतात आणि हृदयविकाराचा झटका आला तर ती लावून बसा, असे निरोप मोबाइलवर फिरतात. ते वाचून माझा जीव घाबरा होतो. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, डावा हात भरून आलाय, तर बोटांनी रुग्णवाहिकेचा १०८ नंबर फिरवायचा. तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

अनुलोम-विलोममध्ये नाकपुड्या आलटून-पालटून बंद करायची प्रणवमुद्रा करताना नवी मंडळी हमखास गोंधळतात. तर्जनी आणि मधलं बोट दुमडलं की अनामिकाही मागोमाग वाकते आणि नाकपुडीपर्यंत नीट पोचतच नाही. "आमची बोटंच आखडलीत," असं म्हणतात. तसं नसतं. टेबलावर तळवा पालथा ठेवा, फक्त मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून बघा. पट्टीचा तबलजी असला तरी त्याला ती फारशी उचलता येणार नाही, कारण या शेजारणींचे स्नायुबंध एकमेकींशी बांधलेले असतात. म्हणून ताई करंगळीला अनामिकेच्या सोबतीला धाडतात.

परवा त्या माझ्यासमोर थांबल्या. माझी ज्ञानमुद्रा अगदी नेटकी होती, निदान मला तसं वाटत होतं. त्यांनी वाकून नखांकडे बोट दाखवलं. दोन्ही अंगठ्यांची नखं टोकाशी पांढरी पडली होती.

"दाबू नका," हळूच म्हणाल्या, "टेकवा."

बोटं जरा सैल केली. नखं गुलाबी झाली आणि थोड्या वेळाने दोन टोकांच्या मध्ये माझीच नाडी उडताना लागली.