काम सुटले म्हणून पीएफ बुडत नाही

‘कंत्राटी कामगाराने मध्येच काम सोडले की त्याचा पीएफ बुडतो,’ असा निरोप बीड-जालन्याकडच्या गावांतून वर्षानुवर्षे फिरतो आहे. वाळूजच्या कारखान्यात काही महिने काढून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्याला तो खरा वाटावा, यात नवल नाही. कंत्राटदार बदलला की जुना हिशोब खरोखरच कोणी सांगत नाही.

वस्तुतः 1952 च्या भविष्यनिधी कायद्याने कंत्राटदारामार्फत लागलेल्या माणसालाही कर्मचारीच मानले. कापलेली रक्कम कंत्राटदाराच्या नव्हे, कामगाराच्या नावावर जमा होते आणि यूएएन हा पीएफ सदस्याचा बारा अंकी क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. मधले महिने फडावर गेले, तरी आधीची शिल्लक जात नाही. अडचण बहुधा निराळीच असते: नव्या ठिकाणी जुना यूएएन न दिल्याने दुसरा क्रमांक निघतो, किंवा आधारवरील नाव नि जन्मतारीख जुळत नाही.

पडताळणीसाठी पगारपत्रकातील पीएफची कपात आणि पीएफच्या पासबुकातील त्याच महिन्याची नोंद शेजारी ठेवून पाहावी. कपात आहे पण नोंद नाही, असे आढळल्यास कंत्राटदाराने जिथे कामाला लावले त्या मूळ कंपनीकडे लेखी विचारणा करावी, कारण कंत्राटी कामगारांच्या भरण्याची जबाबदारी तिच्यावरही असते.