आर्सेनिक आणि जड धातू: खाण एकच, उपाय मात्र उलटे

खाणीजवळच्या माती-पाण्याचा कुठलाही रिपोर्ट उघडा, एकाच टेबलमध्ये शिसं, कॅडमियम, झिंक, कॉपर आणि त्यांच्याच रांगेत आर्सेनिक, वर हेडिंग एकच, 'जड धातू'. मग वाचणारा धरून चालतो की एकाचा बंदोबस्त केला की बाकीच्यांचाही झाला. तसं होत नाही. उलट कितीतरी वेळा असं होतं की जो उपाय कॅडमियमला जागच्या जागी बसवतो तोच आर्सेनिकला मोकळं सोडतो, म्हणजे एवढा खर्च करून पाणी आधीपेक्षा वाईट झालं अशी वेळ येते. म्हणून दोघांना शेजारी ठेवून बघायलाच पाहिजे.

मुळातला फरक चार्जचा आहे. शिसं, कॅडमियम, झिंक, कॉपर पाण्यात विरघळले की पॉझिटिव्ह चार्ज घेऊन फिरतात. आर्सेनिक मात्र एकटं फिरतच नाही, ते ऑक्सिजनला धरून असतं, आणि हवा खेळती असलेल्या पाण्यात आर्सेनेटच्या रूपात त्याच्यावर निगेटिव्ह चार्ज असतो. ऑक्सिजन संपला की त्याचं आर्सेनाइट होतं, याच्यावर साधारण 9 पीएचपर्यंत (पीएच म्हणजे पाणी किती आम्ल आहे याचा आकडा, 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) चार्जच नसतो, त्यामुळे त्याला पकडून ठेवणं जास्त अवघड आणि वर ते जास्त विषारीही. आता मातीत या सगळ्यांना धरून ठेवणारं मुख्य काय, तर लोखंडाचा गंज, म्हणजे आयर्न ऑक्साइड. पीएच साधारण 8 च्या खाली असेल तर या गंजाच्या कणांवर पॉझिटिव्ह चार्ज असतो, वर गेला की निगेटिव्ह. म्हणजे पीएच वाढत गेला की धातू घट्ट धरले जातात आणि आर्सेनेट सुटायला लागतं, पीएच उतरला की धातू सुटतात आणि आर्सेनेट चिकटतं. पुढचं जवळजवळ सगळं यातूनच निघतं.

खाणीतून निघणाऱ्या आम्लाच्या पाण्यात हे डोळ्यांना दिसतं. खडकातलं पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, हवा-पाण्याला उघडं पडलं की सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं, आणि काही बॅक्टेरिया हे काम प्रचंड वेगाने करतात. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटनच्या खाणीत आतल्या पाण्याचा पीएच चक्क उणे 3.6 मोजला गेलाय. इतक्या तीव्र ॲसिडमध्ये धातूही विरघळलेले असतात आणि आर्सेनिकही, तिथे फरक दिसत नाही. पण ते पाणी बाहेर पडून ओढ्याच्या चांगल्या पाण्यात मिसळलं की पीएच चढायला लागतो, साधारण 3 ते 3.5 च्या आसपास लोखंड खाली बसायला लागतं, दगडांवर, पाल्यापाचोळ्यावर तो नारिंगी गुळगुळीत थर चढतो, आणि आर्सेनिक त्या थराला चिकटून तिथेच थांबतं. झिंक आणि कॅडमियम मात्र थांबत नाहीत, त्यांना बसायला पीएच 7 च्या पुढे लागतो, म्हणून ते कितीतरी लांब खाली वाहत जातात, आणि तेव्हा पाणी अगदी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं. लोकांना नारिंगी पाण्याची भीती वाटते आणि खालच्या स्वच्छ पाण्याची वाटत नाही, पण त्याच स्वच्छ पाण्यात भरपूर कॅडमियम असू शकतं.

बरं, थांबलेलं आर्सेनिक कायमचं थांबलं का? नाही. तोच नारिंगी गाळ पुराने वाहून एखाद्या खोलगट जागी किंवा तलावाच्या तळाशी साचला, वर पालापाचोळा कुजला, ऑक्सिजन संपला, की बॅक्टेरिया त्या गंजातलं लोखंडच विरघळवतात आणि त्याला धरलेलं आर्सेनिक परत पाण्यात येतं. तिथे सल्फेट भरपूर असेल तर त्याचं सल्फाइड होऊन कॅडमियम-झिंक उलट घट्ट बसतात. म्हणजे पुन्हा उलटंच. हवा असताना धातूंची काळजी, हवा नसताना आर्सेनिकची, असं ढोबळमानाने लक्षात ठेवलं तरी चालेल.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण भातखाचरात आहे, आणि माझ्या मते हा सगळा विषय समजून घ्यायचा असेल तर इथेच थांबून नीट बघावं. जपानमध्ये दोन्ही गोष्टी घडून गेल्यात. तोयामामधल्या जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका खाण, तिथून कॅडमियम नदीत आलं, नदीचं पाणी भाताला जायचं, आणि तो भात वर्षानुवर्षं खाऊन लोकांची, त्यातही जास्त करून वयस्कर बायकांची, किडनी आणि हाडं गेली, नुसतं खोकलं तरी हाड मोडायचं. इताई-इताई म्हणतात तो हाच आजार, 1968 मध्ये सरकारने तो प्रदूषणामुळे झालेला म्हणून मान्य केला आणि तिथल्या शेतातली माती बदलण्याचं काम पार 2012 पर्यंत चाललं. दुसरीकडे मियाझाकीमधलं तोरोकू, तिथे आर्सेनिकचं खनिज भट्टीत भाजून आर्सेनिक काढायचे, 1962 ला ते कायमचं बंद झालं, पण धूर आणि गाळ यांनी गावाला विषबाधा झालेली होती आणि ती अधिकृतपणे मान्य व्हायला 1973 साल उजाडलं.

आता अशी एक जमीन धरा जिच्यात दोन्ही आहेत. भात निसवायच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या, आधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे खाचरात पाणी उभं ठेवलं तर दाण्यात कॅडमियम खूप कमी उतरतं, जपानमध्ये हा सल्ला शेतकऱ्यांना देतात. पण त्याच उभ्या पाण्यात गंज विरघळून आर्सेनिक सुटतं, आर्सेनाइट होतं, आणि भाताचं मूळ सिलिका आत घ्यायला जी वाट वापरतं त्याच वाटेने ते आत शिरतं. भाताला सिलिका भरपूर लागतं म्हणून ही वाट कायम उघडी. बरं मग पाणी काढून खाचर सुकवलं तर आर्सेनिक कमी होतं आणि कॅडमियम वर येतं, ते मँगनीजच्या वाटेने आत जातं. एकच शेत, एकच पीक, आणि पाणी ठेवलं तरी पंचाईत, काढलं तरी पंचाईत. पॉलिश केलेल्या तांदळाला कोडेक्स या अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकात कॅडमियमची मर्यादा किलोला 0.4 मिलीग्रॅम आहे आणि इनऑरगॅनिक आर्सेनिकची, म्हणजे त्याच्या जास्त विषारी रूपाची, 0.2, म्हणजे दोघांनाही सांभाळून मधला मार्ग काढावा लागतो, आणि तो काढायला आधी मातीत कोण किती आहे हे माहीत पाहिजे.

उपायांचंही तेच. आम्ल जमिनीत चुना टाकणं हा धातूंवरचा सगळ्यात जुना आणि स्वस्त उपाय, आणि धातूंसाठी तो खरंच चांगला आहे. पण जमिनीत आर्सेनिक असेल आणि चुना जास्त झाला, पीएच 8 च्या पुढे गेला, तर आर्सेनेट गंजावरून सुटून पाण्यात जातं. काहीजण म्हणतात की चुन्याबरोबर कॅल्शियम आर्सेनेट होऊन बसतंच की. बसतं, पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि आर्सेनिक परत मोकळं, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये. फॉस्फेटचं तर अजूनच नाजूक. शिशाने खराब झालेल्या जमिनीत फॉस्फेट टाकलं की शिशाचं पायरोमॉर्फाइट नावाचं फारच कमी विरघळणारं खनिज बनतं, उत्तम. पण फॉस्फेट आणि आर्सेनेट रचनेने इतके सारखे आहेत की फॉस्फेट आलं की ते आर्सेनेटला गंजावरच्या जागेवरून ढकलून देतं, आणि जुन्या खाणीच्या गाळात शिसं आणि आर्सेनिक एकत्र सापडणं काही दुर्मिळ नाही. त्यातल्या त्यात लोखंडाची संयुगं दोघांनाही बऱ्यापैकी चालतात, पीएच सांभाळला तर. आणि झाडांनी माती साफ करायची म्हटलं तरी झाड वेगळं लागतं, आर्सेनिक ओढून घेणारं टेरिस व्हिटाटा हे नेचं, 2001 मध्ये समोर आलेलं, ते झिंक-कॅडमियमचं काम करत नाही.

तपासणीत सगळ्यात जास्त फसगत होते ती टीडीएस मीटरमुळे, म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणाऱ्या मीटरमुळे. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, कॅडमियमची 3. टीडीएस मीटर मिलीग्रॅममध्ये मोजतो, त्याचा एक आकडा म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम, त्यामुळे मर्यादेच्या पाचपट आर्सेनिक असलं तरी मीटरवर काहीही हलणार नाही. उकळूनही दोन्ही जात नाहीत, पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. आर्सेनिकसाठी फील्ड किट मिळतं, बाटलीत पाणी घेऊन त्यात ॲसिड आणि झिंकची पावडर टाकतात, वर झाकणात पांढरी कागदी पट्टी, आर्सेनिक असेल तर आर्सिन वायू निघून ती पट्टी आधी फिकट पिवळी मग तपकिरी होत जाते आणि रंग सोबतच्या कार्डाशी ताडून बघतात. हा वायू विषारी, म्हणून टेस्ट उघड्यावर करायची. ही पट्टी पांढरी राहिली म्हणजे आर्सेनिक नाही किंवा किटला दिसण्याइतकं नाही एवढंच, कॅडमियम-शिशाबद्दल ती एक अक्षर सांगत नाही.

लॅबला पाणी पाठवतानाही एक गोष्ट. जमिनीखालून काढलेल्या लोखंडाच्या पाण्यात नायट्रिक ॲसिड न टाकता बाटली तशीच नेली तर वाटेतच लोखंड गंजून तळाशी नारिंगी साका बसतो, आर्सेनिक त्याला चिकटतं, आणि वरचं पाणी तपासलं की आकडा छान कमी येतो. त्या आकड्यावर लोक पाणी पीत राहतात, म्हणून बाटली भरल्या भरल्या ॲसिड टाकायलाच हवं, आणि फक्त विरघळलेला भाग मोजायचा असेल तर त्याच्या आधी तिथेच गाळून घ्यायचं.

माणसाच्या शरीरातही दोघांचा हिशोब वेगळा. आर्सेनिक बरंचसं काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं, पण ते रोज पोटात जात राहिलं तर वर्षांनंतर अंगावर काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपायांना कडक गाठी येतात, आणि पुढे त्वचेचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कॅन्सर होऊ शकतो. कॅडमियम किडनीत साठतं आणि दहा-वीस वर्षं हलत नाही, शिसं हाडात बसतं आणि लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं. त्यामुळे शिशासाठी रक्त तपासतात, सध्या आर्सेनिक पोटात जातंय का हे बघायला लघवी, आणि मागच्या काही महिन्यांचा अंदाज घ्यायला केस-नखं. लघवीच्या टेस्टआधी तीन-चार दिवस मासे, कोळंबी खाऊ नये, कारण त्यातलं बऱ्यापैकी निरुपद्रवी ऑरगॅनिक आर्सेनिकही एकूण आकड्यात मोजलं जातं, आणि लॅबला इनऑरगॅनिक आर्सेनिक वेगळं काढून द्या असं फॉर्मवरच लिहून द्यावं.