आपला लोगो लावला की माल आपला?

म्हापशापासून मडगावपर्यंत ऑनलाइन दुकान थाटणारी तरुण मंडळी एकच गोष्ट ऐकून असतात: चीनमधून माल मागवा, त्यावर आपला लोगो छापून घ्या, झाला आपला ब्रँड, मूळ देश लिहायची गरज नाही. हे साफ चुकीचं आहे.

लोगो कोणाचाही असो, वस्तू जिथे बनली तोच तिचा मूळ देश. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याखालच्या, २०११ च्या आवेष्टित (पाकीटबंद) वस्तू नियमांनुसार पाकिटावर तो देश आणि आयातदाराचं नाव-पत्ता लागतोच. ऑनलाइन विकताना ग्राहकाला तो देश खरेदीआधी दिसलाही पाहिजे.

खेळण्यांत ही समजूत फार महागात पडते. फोंड्याच्या एका मैत्रिणीने मला लाकडी गाडीचा नमुना दाखवला. गुळगुळीत चाकं, तळाशी तिच्या दुकानाचं नाव, शेजारी ‘सीई’ची खूण. “हे सर्टिफिकेटच ना?” तिने विचारलं. नाही. ती युरोपच्या बाजारासाठीची खूण. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि परदेशात बनलेल्या खेळण्यांसाठी हे चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएसचा) परवाना त्या कारखान्याने काढायचा असतो, आपण नव्हे. म्हणून आगाऊ पैसे पाठवण्याआधी परवाना क्रमांक मागा आणि बीआयएस केअर ॲपवर तो स्वतः तपासा.

सीमाशुल्कही नुसत्या कारखान्याच्या दरावर बसत नाही. वाहतूक आणि विमा धरून बसतं, वर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी.

मैत्रिणीने कारखान्याकडे क्रमांक मागितला. उत्तरात पुन्हा ‘सीई’चाच कागद आला. तिने ऑर्डर थांबवली.