टेनर ड्रम मधोमध का वाजवत नाहीत?

बडोद्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत दांडिया बाजारातून ढोल-ताशा पथक जाताना ढोल छातीत जाणवतो आणि ताशा कानात. मार्चिंग बँडमध्ये ढोलाचं काम बेस ड्रम करतो आणि ताशाचं साइड ड्रम. साइड ड्रमच्या खालच्या पानाला, म्हणजे ताणलेल्या पडद्याला, तारा टेकलेल्या असतात, त्यामुळे त्याचा आवाज चरचरीत येतो. टेनर ड्रम या दोघांच्या मधला. त्याला तारा नाहीत, आवाज गोल आणि बऱ्यापैकी सुरेल. तालवाद्यांच्या रांगेत चालीसारखं काही ऐकू आलं, तर ते बहुतेक टेनरचंच असतं.

जुन्या लष्करी बँडमध्ये एका वादकाकडे एकच टेनर असे. बॅगपाइप वाजवणाऱ्या पाइप बँडमध्ये आजही तसाच असतो, आणि मऊ टोकाच्या काठ्या हवेत फिरवत वाजवला जातो. अमेरिकेतल्या ड्रम कोअर नावाच्या मार्चिंग पथकांमध्ये मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकाच वादकाच्या गळ्यात दोन, तीन, चार ड्रम आले. आजच्या सेटमध्ये साधारणपणे 10, 12, 13 आणि 14 इंचांचे चार ड्रम आणि जोडीला 6 इंचांचे एखाद-दोन छोटे असतात. खांद्यावरच्या पट्ट्यासकट हे ओझं दहा-बारा किलोंच्या पुढे जातं. ते घेऊन पाय जुळवत चालायचं आणि वर वाजवायचं! यात वादकाच्या पाठीचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

वादक पानाच्या मध्यावर क्वचितच मारतो. काठी कडेपासून काही इंच आत पडते. हे सवयीचं किंवा दिसण्याचं प्रकरण नाही, यामागे पानाच्या कंपनांचं गणित आहे.

ताणलेलं गोल पान एकाच वेळी अनेक तऱ्हांनी थरथरतं. पहिल्या तऱ्हेत अख्खं पान एकदम वर-खाली होतं. दुसऱ्या तऱ्हेत पानाचा अर्धा भाग वर जातो तेव्हा उरलेला अर्धा खाली, आणि मधली रेघ स्थिर राहते. त्यापुढच्या तऱ्हेत अशा दोन रेघा. मध्यावर मारलं की या रेघांच्या तऱ्हा उठतच नाहीत, कारण सगळ्या रेघा मध्यातूनच जातात. उरते मुख्यतः पहिली. ती समोरची हवा एकदम ढकलते, आपली ऊर्जा झटपट देऊन टाकते आणि विझते. ऐकू येतो तो ‘थप्प’. कडेजवळ मारलं की रेघांच्या तऱ्हा जाग्या होतात. त्यांत हवा एका अर्ध्याकडून दुसऱ्याकडे सरकत राहते, ऊर्जा हळूहळू बाहेर पडते आणि आवाज घुमतो. सूर कानाला मिळतो तो या घुमण्यातून.

तबलावाल्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं. ‘ना’ वाजवताना तर्जनी किनारीवर पडते आणि अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकेच टेकलेली असते. त्या स्पर्शाने पहिली तऱ्हा दबते, रेघेची तऱ्हा बोलते. पण तबला आणि टेनर यांत एक मोठा फरक आहे. साध्या पानाच्या पहिल्या तीन तऱ्हांच्या कंप्रता 1, 1.59, 2.14 अशा प्रमाणात असतात. हे आकडे पूर्णांकी नाहीत, म्हणून सूर धूसर राहतो. तबल्याची शाई मध्यभागी वजन घालून त्यांना पूर्णांकांच्या जवळ आणते. हे चंद्रशेखर व्यंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात मांडलं. गायक मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये बडोद्यात सुरू केलेल्या गायनशाळेची आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखा झाली आहे. तिथला कोणताही तबल्याचा विद्यार्थी हा फरक कानाने सांगेल.

टेनरला शाई नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. बँडमधली तुताऱ्यांची चाल कोणत्याही सुरात असो, धूसर सुराचा ड्रम तिच्याशी भांडत नाही. ड्रमचे सूर एकमेकांपासून वेगळे कळले की पुरे. ते काम आकार करतो. ताण आणि पानाची जाडी सारखी असेल, तर व्यास जितका कमी तितका सूर चढा. 14 आणि 10 इंचांचं प्रमाण 1.4 येतं, म्हणजे जवळपास षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतचं अंतर. एवढ्याशा फरकात एवढं अंतर मिळतं. नुसत्या ताणाने एक सप्तक चढवायचं तर ताण चौपट करावा लागेल.

गळ्यातल्या सेटमधल्या टेनरना खालचं पान नसतंच. नळकांडं खालून उघडं असतं, आणि पुष्कळ बनावटींत ते तिरकं कापलेलं असतं, जेणेकरून उघडं तोंड प्रेक्षकांकडे वळेल. पानाचा खालच्या बाजूचा आवाज नाहीतर सरळ मैदानाच्या मातीत गेला असता.

बँड मोकळ्यावर पसरला की आणखी एक अडचण येते. ध्वनी सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, म्हणजे 50 मीटर कापायला त्याला सुमारे 0.15 सेकंद लागतात. मिनिटाला 120 पावलांच्या चालीत एका पावलापासून पुढच्या पावलापर्यंत अर्धा सेकंद असतो. पुढच्या टोकाने मागचं आणि मागच्याने पुढचं ऐकून वाजवलं, तर ताल ओढला जातो. म्हणून ड्रम शक्यतो एकत्र ठेवतात, आणि पुढचे वादक मागून येणाऱ्या ठेक्यावर वाजवतात.

पूर्वी पान चामड्याचं असे, आणि दमट हवेत ते सैल पडे. 1957 च्या सुमारास पॉलिएस्टर फिल्मची पानं बाजारात आली आणि भाद्रपदातली ती कटकट बरीचशी गेली. स्क्रू सारखे आवळण्याचं काम मात्र राहिलंच. ताण एका बाजूला कमी-जास्त झाला की अर्ध्या-अर्ध्याच्या तऱ्हेचे दोन किंचित वेगळे सूर होतात आणि त्यांच्या झटापटीत आवाज लहरत जातो. म्हणून वादक प्रत्येक स्क्रूजवळ काठीने टकटक करून कान लावतो, आणि एकामागून एक नाही, तर समोरासमोरच्या जोड्यांनी आवळत जातो. तबल्याच्या गठ्ठ्यांवर हातोडी मारणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.