जीएचं पाणी आणि मेंडेलचा वाटाणा

डिसेंबरात निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत गेलात तर मांडवाखाली हातात मग घेतलेल्या बायका दिसतात. मगात औषधाचं पाणी. घड बुडवायचा, हलकेच झटकायचा, की पुढचा घड. मणी ज्वारीच्या दाण्याएवढे असताना एकदा आणि थोडे फुगले की पुन्हा. या कामाला डिपिंग म्हणतात आणि त्या औषधाला नुसतं ‘जीए’. भुकटी पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून आधी अॅसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवून मग ड्रममध्ये ओततात. प्रमाण साधारण 40 पीपीएम, म्हणजे लिटरभर पाण्यात 40 मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही.

जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, वनस्पतींच्या वाढीचं एक संप्रेरक. मण्याला ते मुख्यतः बी पुरवतं. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणात बी कोवळेपणीच जिरून जातं, पुरवठा आटतो आणि मणी बारीक राहतात. म्हणून ही मगातली वरची खुराक. एवढं कुठलाही बागायतदार सांगेल. मला कोडं पडायचं ते वेगळंच. संप्रेरक जास्त झालं की ते मोडून टाकायची सोय वेलीकडे असते. मग मगातून आलेलं जीए ती का मोडत नाही?

उत्तर वाटाण्यापासून सुरू होतं. ग्रेगोर मेंडेलने ब्रनोच्या मठातल्या बागेत उंच आणि खुज्या वाटाण्यांचा संकर केला. दुसऱ्या पिढीत 787 उंच, 277 खुजी रोपं आली. तीनास एकचं हे प्रमाण आपण शाळेत घोकलं, पण खुजं रोप नेमकं कशामुळे खुजं राहतं, हे गुरुजींनी कधी सांगितलं नाही. त्यांचा दोष नाही म्हणा. त्यामागचं जनुक हाती लागायला 1997 साल उजाडलं.

त्या जनुकातून एक विकर, म्हणजे एन्झाइम तयार होतं. वाटाण्यात ‘जीए20’ नावाचं, जवळपास निरुपयोगी जिबरेलिन, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्याच कुळातलं रसायन असतं. हे विकर त्याच्या तिसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवतं आणि त्याचं ‘जीए1’ होतं. वाढीचा हुकूम सोडतं ते हेच. मेंडेलच्या खुज्या वाटाण्यात या विकराच्या साखळीतलं 229 क्रमांकाचं एक अमिनो आम्ल बदललंय, अॅलानिनच्या जागी थ्रिओनिन. जागाही मोक्याची, जिथे विकर कामासाठी लोहाचा अणू धरून ठेवतं त्याच्या शेजारची. विकर मरत नाही, रेंगाळतं. त्यामुळे रोप जगतं, फुलतं, शेंगा धरतं, फक्त दोन पेरांमधलं अंतर आखडतं. 1955 साली इंग्लंडमध्ये ब्रायन आणि हेमिंग यांनी अशा खुज्या वाटाण्यांना जिबरेलिक आम्ल दिलं, तर ते उंच वाणांइतके वाढले.

आता दुसरी बाजू. तयार जीए1च्या तिसऱ्याऐवजी दुसऱ्या कार्बनवर तसलीच जोडी बसली, की त्याचं ‘जीए8’ होतं आणि ते कायमचं निकामी. हे काम करणारं विकर पहिल्याचं भाऊबंदच आहे, त्यालाही लोह लागतं. वाटाण्याच्या ज्या वाणात ते बिघडलेलं असतं, त्याची रोपं काडीसारखी लांबच लांब वाढतात. एका कार्बनवर जोडी बसली तर संप्रेरक जिवंत होतं, शेजारच्या कार्बनवर बसली तर मरतं. रोपाची उंची ठरते ती या दोघांच्या ओढाताणीतून. पेशीही लक्ष ठेवून असते. संप्रेरक वाढलं की बनवणाऱ्या विकरांची जनुकं मंदावतात, मोडणाऱ्यांची जोरात चालू होतात.

द्राक्षाच्या मगातलं जीए मात्र वाटाण्यातलं नव्हे, ते ‘जीए3’. त्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध आहे, त्यामुळे मोडणाऱ्या विकराला दुसऱ्या कार्बनवर काम करायला जागाच उरत नाही. वेल शस्त्र उपसते, पण ते लागू पडत नाही.

हा रेणू मूळचा एका बुरशीचा. जपानी शेतकरी भाताच्या एका रोगाला ‘बाकानाए’, म्हणजे वेडं रोप म्हणत. रोप फिकट पडून सोट वाढतं आणि कोलमडतं. 1926 मध्ये तैवानात काम करणाऱ्या एइची कुरोसावांनी दाखवलं, की बुरशी वाढवून गाळून घेतलेल्या नुसत्या पाण्यानेही रोपं अशीच वाढतात. आजही जीए3 कारखान्यात त्याच बुरशीच्या टाक्यांतून काढतात.

भाताने पुढे उलटी बाजूही दाखवली. 1966 चा आयआर8 वाण बुटका, कारण त्याच्यात जिबरेलिन बनवणाऱ्या साखळीतलं एक विकर मोडकं आहे. त्याच घराण्यातलं दुसरं विकर फुलोऱ्यात काम सांभाळतं, म्हणून ताट आखूड पण लोंबी भरलेली. (गव्हाच्या बुटक्या वाणांची गोष्ट वेगळी. तिथे विकर शाबूत आहे, हुकूम ऐकणारा बहिरा आहे.)

कोकणात हीच साखळी बाटलीने अडवतात. हापूस एकाआड वर्षी धरतो, म्हणून पावसाळ्यात कलमाच्या बुंध्याभोवती कल्टार ओततात. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल जिबरेलिनच्या साखळीतल्या अगदी सुरुवातीच्या एका विकराला जखडून ठेवतं. पालवीचा जोर ओसरतो आणि मोहर धरतो. मात्रा जास्त झाली तर पेरं इतकी आखडतात, की पानांचा नुसता झुपका दिसतो. औषध मातीत बराच काळ राहतं, त्यामुळे पुढच्या हंगामाची पालवीही तशीच येऊ शकते. अशा आखडलेल्या फांदीवर जीए फवारलं तर ती पुन्हा लांबते. अडथळा साखळीच्या वरच्या टोकाला असतो आणि फवाऱ्यातून येतो तो खालच्या टोकाचा तयार माल.